घेण्याचाही धर्म असतो

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तमहाराजांचा दिनक्रम आपल्या कोल्हापूरकरांना लहानपणापासून पाठ असतो. काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा आणि माहूरगडावर निद्रा. परंपरेप्रमाणे यात थोडाफार फरक आढळतो, कुणी पांचाळेश्वरच्या भोजनाचाही उल्लेख करतं. पण भिक्षेला मात्र कोल्हापूरच. आपल्या गावात दत्त भिक्षालिंगाचं मंदिर आहे, आणि भर दुपारी दारात कुणी झोळी घेऊन उभा राहिला तर त्याला रिकामा पाठवू नये, असं आमची आजी बजावून सांगायची. काय सांगावं, तेच असतील!

या गोष्टीचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण त्यात दडलेला एक प्रश्न आपण फारसा विचारत नाही. ज्याच्या सत्तेने त्रैलोक्य चालतं, त्याने रोज दुपारी झोळी का पसरावी? याचं नेहमीचं उत्तर असं, की भक्ताला दानाचं पुण्य मिळावं म्हणून. उत्तर खरं आहे, पण ते देणाऱ्याच्या बाजूने दिलेलं आहे. आपण सगळे गृहस्थाश्रमी. आयुष्यभर देण्याच्या बाजूला उभे राहिलेलो. देवळात गेलं तरी फरशीवर, पंख्यावर, बाकावर देणाऱ्यांची नावं कोरलेली दिसतात. घेणाऱ्याच्या नावाची पाटी कुठे दिसत नाही. मग घेण्याला काही धर्म असतो की नाही? आणि ज्याच्याजवळ चार पैसे आहेत, ज्याची पेन्शन महिन्याच्या महिन्याला खात्यावर जमा होते, अशा माणसाने दुसऱ्याच्या दारात बसून खावं का?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी नर्मदा परिक्रमेला गेलो, तिथे भेटला. परिक्रमेची माहिती बऱ्याच वाचकांना असेल, तरी थोडक्यात सांगतो. अमरकंटकला उगम पावून भरूचपलीकडे खंभातच्या आखाताला मिळणारी नर्मदा १३१२ किलोमीटर वाहते. तिला उजव्या हाताला ठेवून, पात्र कुठेही न ओलांडता दोन्ही काठांनी चालायचं. हे अंतर साधारण २६०० किलोमीटर भरतं. शास्त्रोक्त करायची तर तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात. आजकाल बरेच जण ओंकारेश्वरहून कार्तिकात निघून चार-पाच महिन्यांत पुरी करतात. अंगावर पांढरे कपडे, हातात दंड, पाठीला पडशी, सोबत बाटलीत मैयाचं जल आणि तोंडात 'नर्मदे हर'. वाटेतल्या आश्रमात गेलं की विचारतात, 'कितनी मूर्ती है?' परिक्रमेत माणसं मोजत नाहीत, मूर्ती मोजतात. कुठे सदावर्त म्हणून कणीक-डाळ मिळते, कुठे तयार भोजनप्रसादी. साठवण करायची नाही, उद्याची सोय आज बघायची नाही, मिळेल ते मैयाचं म्हणून घ्यायचं, असा जुना नियम. अडतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हा नियम काय वाटला असेल, याची कल्पना करा. आमचा सगळा जन्म उद्याची तरतूद करण्यात गेला. माझ्या कमरेच्या पाकिटात एटीएम कार्ड होतं, हेही सांगून टाकतो.

सगळी परिक्रमा इथे सांगत बसत नाही. एका दिवसाच्या टप्प्याबद्दल सांगतो. तो टप्पा तिलकवाडा ते गरुडेश्वर.

दत्तभक्तांना गरुडेश्वर सांगायला नको. परमहंस परिव्राजकाचार्य वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंबे स्वामी. १८५४ साली कोकणातल्या माणगावला जन्मले आणि १९१४ साली, आषाढ शुद्ध प्रतिपदेला, गरुडेश्वरी नर्मदाकाठी समाधिस्थ झाले. मधल्या काळात हा महापुरुष अनवाणी पायांनी सारा देश हिंडला. वाडीला आजही रोज जी करुणात्रिपदी म्हटली जाते, ती त्यांचीच. दंड, कमंडलू आणि भिक्षेचं अन्न, एवढ्यावर चाललेला तो प्रवास. त्यांच्या समाधीपाशी आज आपण चालत पोचणार, या आनंदात तिलकवाड्याहून पहाटेच निघालो. मार्गशीर्षाचे शेवटचे दिवस. थंडी अशी की दंड धरलेली बोटं उघडत नव्हती. टप्पा तसा लहान, दुपार टळायच्या आत संपणारा. एका बाजूला कापसाची शेतं, वेचणीला आलेल्या बायका, मध्येच केळीच्या बागा, एरंड, तूर. आणि उजवीकडे झाडांच्या फटीतून अधूनमधून दिसणारी मैया.

सोबतीला सांगलीकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. नाव देत नाही, गुरुजी म्हणतो. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी वडील, चालायला काटक, आणि तत्त्वाला त्याहून काटक. त्यांचा एक नेम होता, फुकट खायचं नाही. आश्रमात जेवले तर पेटीत पैसे टाकायचे, कुणाच्या घरी चहा घेतला तर मुलाच्या हातावर नोट ठेवायची. मी एकदा त्यांना कारण विचारलं. ते म्हणाले, 'साहेब, मी वार लावून शिकलोय. सात दिवस सात घरं. त्यातल्या एका घरात मला मागच्या सोप्यात, पायपुसण्याशेजारी पान वाढायचे. घरातल्यांचं जेवण झाल्यावर उरलेलं. पहिला पगार झाला त्या दिवशी ठरवलं, आता आयुष्यात कुणाचं फुकट खाणार नाही.' यावर बोलण्यासारखं माझ्यापाशी काही नव्हतं. ज्याने असं पान पाहिलं आहे, त्याला भिक्षेचं माहात्म्य सांगायला जीभ रेटत नाही.

अकराच्या सुमाराला वाटेत एक कुडाचं घर लागलं. अंगणात एक आदिवासी बाई कापसाच्या पऱ्हाट्या मोडून जळण करत होती. 'नर्मदे हर' म्हटल्यावर तिने हातानेच बसायची खूण केली. मक्याचे दोन-दोन जाड रोटले, लसूण-मिरचीची चटणी आणि पाण्यासारखं पातळ ताक. घरात तेवढंच असावं, कारण ताक आम्हाला वाढल्यावर तिने मडकं पालथं घातलं. आम्ही जेवलो. निघताना गुरुजींनी नेमाप्रमाणे ताटाखाली पन्नासची नोट सरकवली. तिच्या हातात दिली असती तर तिने घेतली नसती, हे त्यांनी ओळखलं होतं.

आम्ही वळणापर्यंत गेलो असू, तोच मागून हाका आल्या. ती बाई पळत येत होती. धापा टाकत जवळ आली आणि नोट पुढे करून गुरुजींना म्हणाली, 'काका, तमारा पैसा पडी गया.' तुमचे पैसे पडले होते. गुरुजींनी नोट घेतली. दुसरं करणार काय? तुम्ही मुद्दाम ठेवलेत, असं ती म्हणाली असती तर वाद घालता आला असता, आग्रह करता आला असता. पडलेले पैसे आणून देणाऱ्याला काय म्हणणार? तिने हात जोडले आणि आली तशी परत गेली.

दुपारी गरुडेश्वरला पोचलो. समाधीचं दर्शन झालं, घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. तेव्हा गुरुजी बोलले. म्हणाले, 'पैसे पडले नव्हते, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मला ओशाळं वाटू नये म्हणून ती तसं बोलली.' आणि थोड्या वेळाने, 'पण म्हणून माझं म्हणणं बदलत नाही. तिच्या घरातलं शेवटचं ताक दोन पेन्शनर लोकांनी पिऊन टाकलं. संध्याकाळी तिची पोरं काय खाणार? याला तुम्ही धर्म म्हणता?'

गुरुजींचा प्रश्न खरा आहे. तो झटकून टाकण्यासारखा नाही. आपले धर्मशास्त्रही त्यांच्याच बाजूने उभं राहील. भिक्षेचा अधिकार सांगितला आहे तो ब्रह्मचाऱ्याला आणि संन्याशाला. गृहस्थाने इतर तिन्ही आश्रमांना पोसायचं असतं. धडधाकट गृहस्थ दुसऱ्याच्या दारात जेवू लागला तर पोसणार कोण? शिवाय नर्मदाकाठचा हा देणारा वर्ग काही सुखवस्तू नाही. गरुडेश्वरच्या वरच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, सरदार सरोवराचं धरण आहे. त्याच्या पाण्यात मध्य प्रदेश, गुजरात आणि आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली कितीतरी गावं गेली. नंदुरबारचीच ३३ गावं बाधित झाली. शूलपाणीच्या झाडीत एके काळी 'मामा' लोक परिक्रमावासीयाला लंगोटीपर्यंत लुटायचे, असं जुने लोक सांगतात. त्याच मुलखातली माणसं आज त्याला बोलावून जेवू घालतात. ज्यांची शेतं पाण्याखाली गेली त्यांच्या रोटल्यावर आपण पुण्य कमवायचं, हा हिशेब सरळ नाही. त्यातच हल्ली गाड्या-बसने परिक्रमा करणारे काही जण आश्रमात भाजी चांगली नाही म्हणून कुरकुर करतात, तेही डोळ्यांनी पाहिलं. असं घेणं भिक्षाही नव्हे आणि भीकही नव्हे. ती नुसती उपटेगिरी.

मग त्या अंगणात खाणं योग्य की अयोग्य? या बाबतीत मला दत्तसंप्रदायातल्या दोन गोष्टींचा आधार वाटतो.

पहिली श्रीगुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायातली. आपल्या वाडीपलीकडच्या अमरापूरची, म्हणून आपल्या घरचीच. तिथे एक अत्यंत दरिद्री ब्राह्मण होता. कोरान्न मागून आणायचा. ज्या दिवशी काही मिळालं नाही, त्या दिवशी दारातल्या घेवड्याच्या शेंगा शिजवून सारं घर त्यावर राहायचं. श्रीगुरु नृसिंह सरस्वती एक दिवस त्याच्याकडे भिक्षेला गेले. त्याने पूजा केली आणि घेवड्याची भाजी वाढली. महाराज जेवले आणि जाताना तोच वेल उपटून टाकून गेले. बाई रडायला लागली, नवऱ्याने तिची समजूत घातली, आणि वेलाचं मूळ खणायला गेला तर खाली धनाचा हंडा निघाला.

आपलं सगळ्यांचं लक्ष त्या हंड्याकडे जातं. साहजिक आहे. पण मी बँकेतला माणूस, हंड्याच्या आधीची नोंद बघतो. महाराज त्या घरी जेवले. 'तुमच्याकडेच काही नाही, राहू दे, मी दुसऱ्या घरी जातो,' असं म्हणाले नाहीत. तसं म्हटलं असतं तर ते दयाळूपणाचंच दिसलं असतं. पण मग त्या माणसाला काय कळलं असतं? आपण इतके खाली गेलो की संन्यासीसुद्धा आपल्या दारातून परत फिरला. ज्याच्याकडून कुणी काहीच घेत नाही, तो माणूस गावात असून नसल्यासारखा. त्याला गरिबीपेक्षा ही गोष्ट जास्त खाते. महाराजांनी त्याच्या भाजीला मान दिला, त्याला देणाऱ्याच्या जागी बसवलं. माझ्या मते त्याचं दैन्य निम्मं तिथेच फिटलं. हंडा नंतर निघाला.

दुसरी गोष्ट भागवताच्या एकादश स्कंधातली. यदुराजाला अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. दत्तसंप्रदायात तो अवधूत म्हणजे साक्षात दत्तच. त्या चोवीसांत मधमाशी आहे. ती फुलाफुलावरून थोडं थोडं घेते, कुठलंही फूल ओरबाडत नाही. साधूनेही असंच घराघरातून थोडकं घ्यावं, म्हणजे कुणाला जड जात नाही. यावरूनच 'माधुकरी' शब्द आला. पण अवधूत एवढ्यावर थांबत नाही. मधमाशीपासून उलटा धडाही घ्या म्हणतो. ती साठवते आणि साठवलेल्यापायीच नाश पावते. म्हणून संध्याकाळसाठी, उद्यासाठी ठेवू नये. घेण्याचे दोन्ही नियम इथे आले. थोडं घ्या आणि साठवू नका. गुरुजींच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यात आहे. तिच्या घरी दोन रोटले खाल्ले ते ठीक. पण एका अंगणात पंधरा मूर्ती उतरवायच्या नाहीत, पुन्हा वाढा म्हणायचं नाही, चव काढायची नाही, आणि आश्रमात सोय असताना गरिबाचं दार शोधत जायचं नाही.

उरलेल्या निम्म्या उत्तरासाठी मला माझ्या नोकरीकडे यावं लागतं. बँकेत कर्ज फिटलं की आम्ही खातेदाराला 'नो ड्यूज' दाखला द्यायचो. येणं नाही, देणं नाही. दाखला हातात पडला की माणूस सुटकेचा श्वास टाकायचा, आणि पुष्कळदा पुन्हा शाखेत फिरकायचा नाही. व्यवहारात ते बरोबरच आहे. वाण्याचं, दूधवाल्याचं, बँकेचं देणं ताबडतोब फेडावं. दिवाळीत खातेदाराने काउंटरवर ठेवलेला मिठाईचा पुडाही परत करावा, कारण त्यामागे बहुधा काम असतं. पण सगळ्या गोष्टी त्या खतावणीत बसत नाहीत. ताटाखाली ठेवलेली नोट म्हणजे जागच्या जागी घेतलेला 'नो ड्यूज' दाखला असतो. तुझं माझं काही नातं नाही, मी खाल्लं, मी फेडलं, संपलं. त्या बाईला नेमकं तेवढंच नको होतं. तिने ते खातं बंद होऊ दिलं नाही. म्हणून तिलकवाड्याच्या रस्त्यावरचं ते अंगण आजही माझ्या अंगावर उधार आहे, आणि ते तसंच राहावं असं मला वाटतं.

मग ही उधारी फेडायची कशी? ज्याचा खातेदार सापडत नाही अशी रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात टाकायचो. पण ती तिथे कायम ठेवता येत नसे. तपासनीस आला की पहिली त्याच्यावर बोट ठेवायचा. वाटेवर मिळालेल्या अन्नाचंही तसंच आहे. देणारा पुन्हा भेटणार नसतो. पण म्हणून ते आपलं झालं असं नाही. ते पुढच्या कुणाच्या तरी नावे टाकावं लागतं.

जगात ही समजूत फक्त आपलीच आहे, असं नाही. जपानमध्ये शिकोकू नावाचं बेट आहे. तिथे ८८ मंदिरांची, साधारण १२०० किलोमीटरची पायी यात्रा असते. वाटेवरचे गावकरी यात्रेकरूला फळं, चहा, कधी पैसे, कधी रात्रीचा आसरा देतात. या प्रथेला 'ओसेत्ताई' म्हणतात. यात्रेकरूने ते नाकारायचं नसतं. कारण यात्रेकरूबरोबर त्यांचे संत कोबो दाइशी स्वतः चालत असतात, अशी श्रद्धा. त्याला दिलेलं दाइशींना पोचतं. बदल्यात यात्रेकरू पैसे देत नाही, आपल्या नावाची एक चिठ्ठी देतो. दुपारी दारात आलेला झोळीवाला दत्त असू शकतो, हे आपल्या आजीचं म्हणणं त्यांना सांगायला नको!

फ्रान्समध्ये ल प्वी नावाच्या डोंगराळ गावाहून स्पेनच्या सांतियागोकडे जाणारी अशीच एक जुनी वाट आहे. पिरेनीज पर्वताच्या पायथ्यापर्यंतच ती साडेसातशे किलोमीटरांच्या आसपास जाते. खेड्यापाड्यांतून, कुरणांतून रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालायचं आणि रात्री मुक्काम करायचा. बहुतेक मुक्काम पैसे देऊन, पण काही ठिकाणी नुसती एक पेटी असते. ज्याला जमेल त्याने जमेल तेवढं टाकावं, टाकलं की नाही ते कुणी बघत नाही. आज तुम्ही जे सूप प्यायलात ते कालच्या वाटसरूंच्या पैशातलं. तुम्ही टाकाल ते उद्याच्यांचं. सस्पेन्स खातं मोकळं करण्याची हीच रीत. इतक्या लांबच्या, वेगळ्या धर्माच्या माणसांना पायी चालता चालता हेच सुचावं, याचं नवल वाटत नाही. दिवसभर चाललेल्या माणसाला एक गोष्ट पायच शिकवतात. आपण स्वतःच्या जोरावर इथवर आलो, असं संध्याकाळी त्याला म्हणता येत नाही. कुणीतरी पाणी दिलं, कुणी वाट दाखवली, कुणी कुत्रं आवरलं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं परिक्रमेपुरतं. आम्ही घरी बसलेली माणसं, आम्हाला याचा काय उपयोग? उपयोग आहे, आणि तो सांगण्यासाठीच हा लेख.

ऑगस्ट २०१९ आठवा. पंचगंगा आणि कृष्णेने शिरोळ तालुका गिळला. हमरस्ता बंद पडला. कोल्हापुरात पेट्रोलला रांगा, दुधाला रांगा. ज्यांच्या घरी उसाचे ट्रक भरून जात होते, दावणीला चार-चार म्हशी होत्या, ती माणसं शाळेतल्या आणि मंगल कार्यालयांतल्या शिबिरात ताट घेऊन उभी होती. मी तिथे वाढायला जात होतो. एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. काही वडीलधारी माणसं रांगेत यायचीच नाहीत. भिंतीला टेकून बसून राहायची. भूक नाही म्हणायची. भूक होती; हात पुढे होत नव्हता. जन्मभर ज्या हाताने वाढलं, तो हात उलटा करायचा कसा, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्याच दिवसांत वाडीला देवाच्या मंदिरात पाणी शिरलं होतं. पाणी चढलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात, हे आपल्याला ठाऊक आहे. मी त्या एका आजोबांना एवढंच म्हणालो, 'आबा, महाराजसुद्धा या दिवसांत दुसऱ्याच्या घरी राहतात.' ते काही बोलले नाहीत. पण ताट घेतलं.

पूर ओसरतो. म्हातारपण ओसरत नाही. आपण वाचक मंडळी बहुतेक साठीच्या पुढची. आज ना उद्या प्रत्येकाच्या दारात तो दिवस येणार आहे. गुडघा धरेल, डोळ्यांत मोतीबिंदू येईल, हात कापेल. तेव्हा दुसऱ्याच्या हातून पाणी घ्यावं लागेल. आमच्या पेठेत एक ऐंशीचे गृहस्थ आहेत. हात थरथरतो, तरी चहा स्वतः गाळणार, धोतर स्वतः पिळणार. 'मला कुणाचं काही नको' हे त्यांचं ब्रीद. लोक वाखाणतात. पण त्यांची सून एकदा आमच्या घरी येऊन डोळे पुसत होती. 'मामंजी माझ्या हातचा पाण्याचा तांब्यासुद्धा घेत नाहीत, मी काय परकी आहे का?' म्हणाली. स्वाभिमानाची ही बाजू आपल्याला दिसत नाही. 'नको' म्हणणाऱ्याला आपण कुणावर भार टाकत नाही असं वाटतं. पण समोर वाढायला उभ्या असलेल्या माणसाला तो दाराबाहेर ठेवत असतो. त्या सुनेला देणाऱ्याच्या जागी बसू देणं, हेही मोठं देणंच आहे.

याच्या उलट टोकाची माणसंही कमी नाहीत. 'आम्ही तुम्हाला वाढवलं, शिकवलं, खस्ता खाल्ल्या. आता तुम्ही करा.' ही भिक्षा नव्हे, वसुली झाली. मुद्दल अधिक व्याज. आणि वसुली अधिकाऱ्याचं कुणी प्रेमाने स्वागत करत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. मुलगा हप्ता भरतो, पण हप्ता भरल्यासारखाच भरतो. चहा मिळतो, त्याच्याबरोबर कपाळावरची आठीही मिळते.

'मला काही नको' आणि 'हा माझा हक्क आहे', या दोन्हींच्या मधोमध झोळी आहे. संन्याशाची झोळी मागते, पण दावा सांगत नाही. मिळालं तर आशीर्वाद देते. नाही मिळालं तर पुढच्या दारी जाते, शाप देत नाही. थोडं घेते. चव काढत नाही. साठवत नाही. आणि कोण देतोय, किती गरीब आहे, हे बघून नाकारत नाही. म्हातारपणी घरात याच रीतीने राहता आलं तर? सुनेने पुढे केलेला तांब्या भिक्षेसारखा दोन्ही हातांनी घ्यावा. मुलाने वेळ दिला तर प्रसाद म्हणावा, नाही दिला तर तक्रारवही उघडू नये. शास्त्राने संन्यास शेवटी ठेवला, तो कदाचित याचसाठी असेल. अरण्यात जाणं आपल्याला शक्य नाही. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिक्षेकऱ्याच्या मनाने बसणं शक्य आहे.

गुरुजींचा आणि माझा वाद परिक्रमा पूर्ण होईपर्यंत मिटला नाही. ते म्हणत, लहानपणीच्या त्या मागच्या सोप्यातल्या पानालाही तुम्ही भिक्षाच म्हणाल का? मी म्हणत असे, नाही. त्या घरात देणाऱ्याने देण्याचा धर्म मोडला होता. भिक्षा वाढताना घेणाऱ्याला खाली बसवलं की ती भीक होते, आणि त्या पापाचा धनी वाढणारा असतो, जेवणारा नव्हे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी कधी कुणी माधुकरीला, वाराला जेवायला येत असे, त्यांनी हेही आठवून पाहावं. आजही घरी कामाला येणाऱ्या बाईला आपण चहा कुठल्या कपातून देतो, हे पाहावं. घेण्याचा धर्म शिकायचा तर देण्यातला अहंकार आधी सोडावा लागतो, कारण ज्याने ताठ मानेने दिलं त्यालाच पुढे मान लववून घेणं अवघड जातं.

दत्तजयंतीला आपण सगळे वाडीला जाऊ. जन्मकाळ होईल, पाळणा हलेल, गुलाल उधळेल, मग प्रसादाच्या पंक्ती बसतील. पंक्तीत लक्षाधीश आणि हमाल शेजारी शेजारी बसतात, आणि वाढणारा येईल तशी दोघांचीही पत्रावळ पुढे सरकते. तेवढ्या वेळापुरते आपण सगळे झोळीवाले असतो. त्या क्षणी मनात पाकीट चाचपू नये. फेडायचं कसं, याचा विचार करू नये. हात पुढे करावा आणि घ्यावं. माझ्या अल्पमतीला वाटतं, की त्रैलोक्याचा स्वामी रोज दुपारी कोल्हापुरात झोळी घेऊन येतो, तो आपल्याला देण्याचं पुण्य देण्यासाठी तर येतोच, पण घ्यावं कसं हेही दाखवायला येतो. आपण आजवर त्याच्या झोळीत काय पडलं एवढंच पाहिलं. यंदा ती झोळी धरणाऱ्या हाताकडेही पाहावं.

श्री गुरुदेव दत्त.